दिगंबररावांची शेवटची चार मिनिटं

सरावाचा पुतळा छाती धरून म्हणाला, “कुमुद, जरा पाणी दे गं,” आणि कोसळला. दिगंबररावांच्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने टिपलेली त्यांची शेवटची चार मिनिटं त्याच्यात भरली होती. रुग्णवाहिकेवर जाणारी मुलं त्याच्यावरच शिकत. संमती त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी दिली होती. दर गुरुवारी त्या येऊन बसत.

त्या मुलांपैकी तेजलने पुतळ्याची छाती दाबायला घेतली. आज पहिल्यांदाच पुतळ्याचा श्वास सुरू झाला.

“वाचले!” कुमुदताई पुढे सरकल्या. “आता बोलतील ना?”

“काकू, पुढचा आवाज आपल्याकडे नाही,” शिकवणारे सर हळूच म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बटण दाबलं.

पुतळा उठून बसला. “कुमुद, जरा पाणी दे गं.”

दिगंबरराव गेले त्या दिवशी त्या पाणी आणायला आत गेल्या होत्या. आज पदर खोचून त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि तो कोसळायची वाट पाहू लागल्या.