नावापुढचा मजकूर

निवृत्तीनंतर नंदनवनातल्या आमच्या वाचनालयात मी मुलांना पीएचपी ही संगणकाची भाषा शिकवतो. त्या दिवशी बारावीच्या तिघांना सोपा अभ्यास दिला. आळीपाळीने एकाच संगणकावर बसायचं, आपलं नाव आणि त्याच्यापुढे बारावीनंतर काय करणार ते लिहायचं. मग नावं अक्षरांच्या क्रमाने लावायची.

"केसॉर्ट लिहा," मी सांगितलं. "नाव वर जावो की खाली, त्याच्यापुढचा मजकूर त्याच्यासोबतच राहतो. नुसतं सॉर्ट लिहिलं, तर मजकूर क्रमाने लागतो, पण नावं पुसली जातात आणि त्यांच्या जागी आकडे येतात."

शेवटची पाळी वैभवीची होती. तिघांत तीच हुशार. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर नावांच्या जागी शून्य, एक, दोन आलं.

"माहं नाव कुठं गेलं वं?" नागसेन हसत म्हणाला. "शून्य करून टाकलं मले."

"एका अक्षराची चूक आहे, बाळ," मी समजावलं. "सॉर्टच्या आधी के लाव."

तिने के लावला. नावं परत आली. नागसेनपुढे डिप्लोमा, रोहितपुढे नर्सिंग, आणि शेवटी वैभवीपुढे लग्न.

"मी चुकली नव्हती, आजोबा," ती पडद्याकडे पाहत म्हणाली.



मग तीच पुढे म्हणाली, "थोडा वेळ ते लग्न कोणाचंच नव्हतं."