पाणी सोडणारा माणूस

गावकऱ्यांच्या आठवणी वाचून कर्मचाऱ्यांचा पगार ठरवणाऱ्या यंत्राने यंदाही गोरख ढवळेंना सर्वांत खालची श्रेणी दिली. एकोणीस वर्षं ते पहाटे पाणी सोडत होते. पाणी कधी चुकलंच नाही, म्हणून ते कुणाच्या आठवणीतच नव्हते.

"दोन दिवस पाणी बंद ठेवा, ढवळेकाका," नगरपालिकेतली कारकून रुबिना हळूच म्हणाली. "मग बघा, सगळं गाव तुमचं नाव काढेल."

पहाटे टाकीपाशी व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. खाली धुक्यात गाव झोपलं होतं. अखेर त्यांनी चाक फिरवलं आणि पाइपाला कान लावला. झोपलेल्या घरांकडे पाणी गुणगुणत निघालं होतं. पाणी शेवटच्या गल्लीत पोचेपर्यंत ते डोळे मिटून ऐकत राहिले.