मागच्या दारावरची टकटक

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डबाहेरच्या भाड्याच्या घरात रोज दुपारी मागच्या दारावर टकटक व्हायची आणि दार उघडलं की कोणी नसायचं. शेवटी यशोधन वैतागला आणि बायकोला घेऊन बंदुकीच्या दुकानात गेला.

"घराच्या रक्षणासाठी यातली कुठली बरी?" त्याने विचारलं.

"त्यासाठी इथे लायसन्सच मिळत नाही," दुकानदार म्हणाला. "शेतातले कावळे मारायचे असतील तर बोला."

"मी आधीच सांगत होते," परतताना मृणालिनी म्हणाली. "कुत्रा पाळू या. पण तुला बंदूकच हवी."

घरी पोचल्यावर यशोधन तडक मागच्या अंगणात गेला. टकटक करणाऱ्याला आज पकडायचंच, असं ठरवून तो बंद दारासमोर उभा राहिला. अंगणात कोणी नव्हतं. कुंपणापलीकडे नुसतं शेत होतं.

टकटक झाली. ती दाराच्या आतून आली होती.

"मृणाल, चेष्टा पुरे झाली," तो चिडून म्हणाला.

"कसली चेष्टा?" सामानाच्या पिशव्या घेऊन ती घराला वळसा घालून येत होती. "किल्ली तुझ्याच खिशात आहे. मी अजून आत गेलेच नाहीये."

आतून पुन्हा टकटक झाली, कोणीतरी वाट बघून वैतागल्यासारखी.