रस्ता तोच आहे

डेअरीचा एकुलता एक फोन दिवसभर गुंतलेला, आणि डेअरीत बसणाऱ्या गुरांच्या डॉक्टरला गाव त्याच फोनवरून बोलवायचं. अध्यक्ष खोततात्या त्याच फोनच्या लाइनवर बसवलेल्या मोडेमची वायरच उपटायला निघाले.

"दहा मिनिटं द्या," मोडेम बसवणारी मंदाकिनी म्हणाली. दुधाच्या नोंदी पाठवणारं यंत्र दर अर्ध्या मिनिटाला जिल्ह्याच्या ऑफिसला फोन लावून 'नोंदींचा रस्ता तोच आहे', म्हणजे नोंदी कुठून कुठे जायच्या ते बदललेलं नाही, एवढंच कळवत होतं.

"आमचा मेहुणासुद्धा इतके फोन करत नाही!"

तिने तो रस्ता यंत्रात कायमचा लिहून टाकला आणि नोंदी असतील तरच फोन लावायचा, असं त्याला बजावलं. मोडेमची किरकिर थांबली.

"मेलं वाटतं," तात्या म्हणत होते, तोच फोन खणखणला. म्हैस अडली होती. डॉक्टर धावले.

तासाभराने पुन्हा फोन आला. पारडू सुखरूप होतं.

"बाई, खरवस खाल्ल्याशिवाय जायचं नाही!" तात्यांनी फर्मान सोडलं.