न विझणारा उजेड

करोल बागेतून शिवून आणलेला कोट. कागदी प्लेटमध्ये गार होणारा समोसा. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या गॅमा-किरण स्फोटाचा मागे रेंगाळलेला उजेड.

"बाकीच्या स्फोटांचा उजेड विझतो. मी शोधलेला हा विझतच नाही," नोएडातल्या परिषदेत पद्माकर सर सांगत होते. आलेख त्यांच्या विद्यार्थिनीचा, वल्लरीचा होता. शोधनिबंधावरून तिचं नाव काढल्यावर सर म्हणाले होते, "पुढच्या वेळी टाकू यार, बिल्कुल."

प्रश्नांची वेळ झाली तशी वल्लरी उठली. "सर, स्फोट झाला त्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचा उजेड वजा केलात ना? तो विझत नसतो."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या बाटलीकडे.



नाव काढल्याचं सरांनी सांगितलं, त्या दिवशी वल्लरी हीच वजाबाकी दाखवायला त्यांच्या केबिनमध्ये गेली होती, आणि न दाखवताच परतली होती.