मुकी सीट

बसच्या शेवटच्या सीटपर्यंत मोबाईलचा सिग्नल पोचवला, की फोन कंपनीच्या इंजिनिअरची बढती पक्की होती. नव्या जलद लहरींची गोम अशी, की त्या माणसाच्या अंगालाच अडतात. बस भरली की उभ्या प्रवाशांची भिंत होते आणि मागे फोन मुका पडतो. खर्च मंजूर करायला वरिष्ठांना मात्र निदान एका प्रवाशाची लेखी तक्रार हवी होती.

त्या सीटवर रोज एक नर्सबाई बसायच्या, पुढे जागा असली तरी. ड्युटी संपवून आलेल्या, डोकं खिडकीला टेकलेलं.

"ताई, इथे फोन लागत नाही ना?"

"नाही लागत," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या.

"मग इथे सही करा. बंदोबस्त करतो."

"केली की झोपू द्याल?"

"अगदी निवांत!"

त्यांनी न वाचताच सही ठोकली.

महिन्याभरात त्या सीटच्या डोक्यावर छतात अँटेना बसला. पहिल्याच दिवशी खच्चून भरलेल्या बसमध्ये नर्सबाईंचा फोन खणखणला. आधी वॉर्डातून: "सिस्टर, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?" मग सासूबाई: "अगं, कुठवर आलीस? येताना माझ्या गोळ्या आण."

"बघा ताई," इंजिनिअर खुशीत म्हणाला, "तुमच्या सहीची करामत!"

त्याला बढती मिळाली. वॉर्डाला किल्ली आणि सासूबाईंना सून बसमध्येच सापडू लागली. नर्सबाईंची गेली ती रोजची पंचवीस मिनिटांची झोप, आणि तीसुद्धा त्यांच्याच सहीने.