सुट्टीच्या दिवशी आलेला हत्ती

शेतकरी दिनाची सुट्टी म्हणून अख्खं गाव सेशेके शहरात शेतीचं प्रदर्शन बघायला गेलं होतं. नदीवरून पाणी घेऊन नामासिकू घरी आली, तर अंगणात हत्ती. मक्याची कणगी फोडून खात होता. कणगीच्या सावलीत झोपवलेलं तिचं बाळ त्याच्या पुढच्या पायांमध्ये होतं.

घरातून बाहेर आलेल्या सासूने त्याला हाकलायला बडवण्यासाठी पत्र्याचा डबा उचलला. नामासिकूने तिचा हात गच्च धरला.

"नको आई, बिथरेल तो!"

"अगं, वर्षाचं खाणं संपवतोय मेला."

"खाऊ दे. खाली बघा."

सासूने पाहिलं आणि डबा आवाज न करता खाली ठेवला. सारा हंगाम हत्ती हाकलणाऱ्या त्या दोघी मनात विनवू लागल्या, सावकाश खा बाबा, पोटभर खा.

संध्याकाळी नवरा परतला, कणगी पाहून ओरडला, "सगळं नेलं?"

बाळाला छातीशी धरून सासू म्हणाली, "सगळं कुठे रे? हे ठेवलं ना."